गाठींचा दोरा

मोठीबाईच्या शिवणाच्या दुकानात मापाची फीत नव्हती. म्हणजे एक होती, पण ती डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घडी करून सारली होती, आणि फितीचा याहून चांगला उपयोग होऊ शकत नाही असं मोठीबाईचं ठाम मत होतं. आकडा लिहिणारा चुकतो, वाचणारा चुकतो, आणि मग दोघं मिळून शिवणाऱ्याला बोल लावतात. तिच्याकडे गिऱ्हाईकागणिक एक दोरा असे. पांढरा, सुती, जाडसर. मानेच्या मणक्यापासून सुरुवात, खांद्याशी एक गाठ, मनगटाशी दुसरी. मग तोच दोरा छातीभोवती फिरवून तिसरी, पुढे पाठीवरून खाली, कपडा संपणार तिथे दुहेरी गाठ. टोकाला गिऱ्हाईकाच्या कापडाची चिंधी बांधायची आणि दोरा खिळ्याला अडकवायचा. कापणाऱ्याने दोरा बघून कापायचं, तोंड उघडायचं नाही.

शाळेशी तिची फारकत तिसरीतच झाली होती, आणि त्यात नुकसान शाळेचं झालं असं ती समजून होती. अशा बाईच्या घरात सून आली ती शाळेत भाषा शिकवणारी. गल्ली तिला मास्तरीण म्हणायची. मोठीबाई मास्तरीणबाई म्हणायची, आणि त्या शेवटच्या ‘बाई’त मान सोडून सगळं काही असायचं.

आता मोठीबाईला ही सून दुकानात हवी होती. गेल्या वर्षापासून कातरी धरली की तिचा उजवा हात थरथरायचा. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त सगळ्यांना दिसत होतं. मुलगा लांबच्या रस्त्यांवर ट्रक चालवायचा आणि आठवड्यातून दोन दिवस घरी येऊन झोपायचा. कापायच्या टेबलाशी बसायला घरात एकच माणूस होतं, आणि ते माणूस पोरांना गोष्टी कशा वाचायच्या ते शिकवत होतं. जणू पोरं गोष्टी उलट्या धरून वाचत होती.

पण योग जुळून आला होता. मास्तरीण तीन वर्षं तात्पुरत्या जागेवर होती. येत्या गुरुवारी वरून साहेब येणार, तिचा एक पाठ बघणार. पाठ जमला तर जागा कायमची. नाही जमला तर महिनाअखेर घरी. “नाही जमला तर दुकानात बसेन, आई,” असं सुनेने आपल्या तोंडाने कबूल केलं होतं. तेव्हापासून मोठीबाई त्या पाठाच्या तयारीकडे, मांजर दुधाच्या पातेल्याकडे बघतं तशी बघत होती. काही करायचं नाही. नुसतं बसायचं.

तयारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चालायची. मास्तरीण पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर ठळक अक्षरांत शब्द लिहायची आणि मोठीबाई समोर बसून जुन्या पँटची शिवण उसवायची.

“हे काय?” मोठीबाईने एक पुठ्ठा उचलला. अक्षरं लावत लावत वाचलं. “सं-घर्ष.”

“गोष्टीत दोघांना हव्या असलेल्या गोष्टी एकमेकींच्या आड येतात ना, आई, त्याला म्हणतात.”

“त्याला घर म्हणतात. आणि हे?”

“उपमा. आणि त्याच्या खालचं रूपक. बैलासारखा माणूस म्हटलं की उपमा. बैल आहे म्हटलं की रूपक.”

मोठीबाईने थोडा विचार केला. “म्हणजे तुझ्या सासऱ्यांशी मी जन्मभर रूपकातच बोलले.”

मास्तरीण हसली. हसली की ती फार लहान दिसायची, आणि ते मोठीबाईला आवडायचं नाही, कारण मग रागावता यायचं नाही.

“आणि हा मोठा पुठ्ठा कुणाचा?”

“हाच तर पाठ आहे. निवेदक. गोष्ट सांगणारा. गोष्ट वाचताना आधी विचारायचं, ही सांगतंय कोण? त्याने स्वतः काय पाहिलं? काय नुसतं ऐकलं? आणि काय सांगायचं ठेवून दिलं? मग जे सांगितलं नाही ते सांगितलेल्यावरून ओळखायचं. ते अनुमान.”

“ठेवून कशाला देईल?”

“मुद्दाम नाही देत नेहमी. कधी त्यालाही माहीत नसतं.”

“ज्याला माहीत नाही त्याने सांगूच नये,” मोठीबाई म्हणाली आणि एक टाका ताडकन तोडला.

पाठासाठी मास्तरणीने एक जिवंत निवेदक ठरवला होता, निवृत्त पोस्टमन. त्याच्याकडे गोष्टी पोतंभर होत्या. पण मंगळवारी त्याचा घसा असा बसला की चहा मागायलाही त्याला बोटाने कपाचा आकार दाखवावा लागला. बुधवारी मास्तरीण दुकानात येऊन खिळ्यांवरच्या दोऱ्यांखाली उभी राहिली.

“आई, उद्या तुम्ही याल? तुमची कोटाची गोष्ट सांगायला?”

मोठीबाईच्या हातातली सुई थांबली. डोक्यात दोन विचार एकदम आले. एक, की ही मुलगी आपल्या पायाने चालत विहिरीशी आली आहे. दुसरा, की वर्गात चाळीस पोरं असतात आणि शिवाय साहेब. एवढं ऐकणारं माणूस तिला आजवर एका वेळी मिळालं नव्हतं.

“नुसती गोष्ट कशाला,” ती म्हणाली. “कोटच घेऊन येते. आणि दोरा.”

कोटाची गोष्ट अख्ख्या गल्लीला पाठ होती. पोटमाळ्यावरच्या पेटीत तो कोट वीस वर्षं पडून होता, आणि त्याचा दोरा वीस वर्षं पहिल्या खिळ्यावर. येणाऱ्याजाणाऱ्याला बोट करून दाखवायला.

गुरुवारी मोठीबाई वर्गात गेली ती बाजारात जाताना घालायचे बूट घालून. शेवटच्या बाकावर साहेब बसले होते, मांडीवर चौकटींचा कागद. बाकाला त्यांचे गुडघे मावत नव्हते. मास्तरणीचा चेहरा पांढराफटक. फळ्यावर तिने तीन प्रश्न लिहिले होते: कोण सांगतंय? त्याने स्वतः काय पाहिलं? काय सांगायचं राहिलं?

मोठीबाईने फळ्याकडे पाठ केली आणि सुरुवात केली.

“वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचं दुकान तेव्हा दोघींचं होतं. मी मोठी जाऊ, आणि एक धाकटी. माप मी घ्यायचं, कापायचं धाकटीने. नदीपलीकडे राहायचा बँडमास्तर. असा आडवा माणूस, दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या तरच आत मावणारा. त्याला मिरवणुकीसाठी लाल कोट हवा होता. मी गेले, माप घेतलं, गाठी मारल्या. परत निघाले तर नदीला पाणी! पूल बुडालेला. लोक म्हणाले, बाई, थांबा. मी थांबणार? दोरा गळ्याभोवती गुंडाळला आणि शिरले पाण्यात. कमरेएवढं. मग छातीएवढं. मध्यावर पाय सटकला, डोक्यावरून पाणी गेलं—”

“ओऽ,” पहिला बाक म्हणाला.

“—पण दोरा सोडला नाही! घरी आले, चिंब. दोरा शेगडीपाशी वाळत टाकला आणि पडले अंथरुणात. तीन दिवस ताप. चौथ्या दिवशी डोळे उघडते तर धाकटीने कोट कापून, शिवून, मिरवणुकीच्या सकाळी होडीतून पाठवूनसुद्धा दिला होता. मला न दाखवता! बँडमास्तर तो चढवून उभा राहिला चौकात. दोन्ही हात वर केले, बँड सुरू करायला. आणि बाह्या गेल्या इथे.” तिने कोपर दाखवलं. “खालून कोट वर चढलेला, बटणं तटतटलेली. बँडवाल्यांना हसू आवरेना. बिगुल फुंकणारा एवढा हसला की बिगुलातून नुसती वाफ. बँडमास्तरने कोट माझ्या दारात आणून फेकला. सगळीकडून दोन दोन बोटं आखूड! मी सगळ्या गिऱ्हाइकांदेखत धाकटीला म्हटलं, आजपासून तुझा हात माझ्या कापडाला लागायचा नाही. ती गेली. दुकान मी एकटीने उभं केलं. संपली गोष्ट.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मोठीबाईने साहेबांकडे पाहिलं. तेही वाजवत होते. पाठ चांगला चालला आहे हे लक्षात येऊन तिला जरा वाईटच वाटलं.

“आता प्रश्न,” मास्तरीण म्हणाली. “निवेदक कोण?”

“आजी!”

“निवेदकाने स्वतः काय पाहिलं नाही?”

एक जाड्या उठला. “कापताना पाहिलं नाही. त्या झोपल्या होत्या.”

“आणि मिरवणूक पण नाही,” दुसरी म्हणाली. “नदीपलीकडे होती ना? मग बिगुलातली वाफ कुणी पाहिली?”

वर्ग हसला. मोठीबाईही हसली, पण दात न दाखवता. “सगळ्या गावाने पाहिली बाळ. मला सांगितली.”

“म्हणजे ऐकीव,” ती मुलगी म्हणाली आणि वहीत लिहून घेतलं. लिहून घेतलेलं मोठीबाईला कधीच आवडत नसे.

मग खिडकीशी बसलेल्या चष्मेवाल्या मुलीने हात वर केला. इतका हळू की वर करायचा की नाही याचा निर्णय वाटेत होत होता.

“आजी, फक्त बाही आखूड होती का?”

“म्हटलं ना, सगळीकडून. बाही, लांबी, खांदा, सगळं.”

“सारखंच आखूड?”

“सारखंच.”

मुलीने चष्मा वर ढकलला. “नाही, म्हणजे... चुकून कापलं असतं तर एखाद्या ठिकाणी चुकलं असतं. सगळीकडे सारखं कसं चुकेल?” ती थांबली. कुणी खाली बसवलं नाही म्हणून पुढे गेली. “आणि आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालायची नवी दोरी बांधली होती. सुती. पहिल्यांदा भिजली तेव्हा एवढी आकसली की भिंतीतला खुंटाच उपटून आला. तुमचा दोरा पण भिजला होता ना?”

मोठीबाईच्या कानात तिचाच आवाज वाजत होता. तीस वर्षं ती येईल त्या गिऱ्हाईकाला बजावत आली होती: सुती कापड आधी भिजवा, वाळवा, मग माझ्याकडे आणा, सूत पहिल्या पाण्याला आकसतं. हे वाक्य तिने जितक्यांदा म्हटलं होतं तितक्यांदा लोकांनी देवाचं नाव घेतलं नसेल. आणि दोरा कशाचा होता?

“मग कोट आणि दोरा दोन्ही आहेतच,” चष्मेवाली म्हणाली. “लावून बघू या का? गाठ बाहीच्या बाहेर गेली तर कापणाऱ्यांचं चुकलं. बरोबर काठावर आली तर...”

ती पुढचं बोलली नाही. पोरगी गुणी होती.

मोठीबाईने मास्तरणीकडे पाहिलं. मास्तरणीने डोळे खाली घातले. मागे साहेबांचं पेन कागदावर अधांतरी.

मोठीबाई काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. आपल्या हातात काय काय आहे हे तिला एका क्षणात कळलं. ‘खाली बस, मोठ्यांना शिकवू नकोस’ एवढं म्हटलं की पोरगी बसणार, वर्ग मिटणार, पाठ संपणार, आणि एक तारखेला मास्तरीणबाई कापायच्या टेबलाशी. तेवढंही बोलायची गरज नव्हती. खांद्याशी कापडाची बारीक चुणी अंगठ्याखाली दाबली की बाही दोन बोटं गिळते, आणि गाठ काठाच्या बाहेर लोंबते. शिवणकाम करणाऱ्याशिवाय हे कुणाच्या बापाला कळत नाही, आणि या खोलीत शिवणकाम करणारं माणूस एकच होतं.

तिने कोट टेबलावर पसरला. हाताने सारखा केला. दोऱ्याचं टोक कॉलरखाली मानेच्या मणक्याशी धरलं. पहिली गाठ खांद्याच्या शिवणीवर. तिथेच बसली, तीळभर इकडेतिकडे नाही. डावा अंगठा शिवणीवर आला. अंगठ्याखाली कापड होतं, मऊ, जुनं, चुणी घ्यायला तयार.

माणसांना तिने आयुष्यात पुष्कळ फसवलं होतं. गिऱ्हाइकांना ‘उद्या देते’ म्हणून, नवऱ्याला ‘डोकं दुखतंय’ म्हणून. पण मापाला कधी नाही. आणि ते काही चांगुलपणाने नव्हे. तिला कुणी चोर म्हटलं तर ती फार तर भांडली असती. कुणी मापात कच्ची म्हटलं असतं तर जेवली नसती.

तिने अंगठा उचलला आणि दोरा बाहीवर सोडला.

दुसरी गाठ काठावर येऊन बसली. नेमकी. धाकटीने केसाएवढीही चूक केली नव्हती. तिला दिलं होतं ते तिने इमानाने कापलं होतं.

“दोरा कोणी बांधला होता?” मास्तरणीने विचारलं. अगदी हळू. प्रश्न वर्गाला होता.

“मी,” मोठीबाई म्हणाली. “मीच बांधला, मीच भिजवला, आणि मीच शेगडीपाशी वाळवला. धाकटीचं काही चुकलं नव्हतं.” मग पोरं अजून बघतच आहेत हे पाहून खेकसली, “लिहा की! मघाशी बरी भराभर लिहीत होतात!”

चष्मेवालीने विचारलं, “पण आजी, कोट आणि दोरा दोन्ही तुमच्याकडेच होते. वीस वर्षांत लावून का नाही बघितलं?”

“कारण मला माहीत होतं,” मोठीबाई म्हणाली. आणि पुढे, बरंच खालच्या आवाजात, “असं वाटत होतं.”

साहेबांचा शेरा संध्याकाळी आला. मास्तरणीने तो स्वयंपाकघरात वाचून दाखवला. पाठाचे नियोजन उत्कृष्ट. अनुमान ही संकल्पना प्रत्यक्ष वस्तूंतून स्पष्ट केली. शेवटची कलाटणी आधीच योजलेली असली तरी परिणामकारक. पाहुण्या निवेदिकेचा अभिनय विशेष उल्लेखनीय. कायम करण्याची शिफारस.

“अभिनय?” मोठीबाई म्हणाली. “जन्मात एकदा खरं बोलले, आणि त्या मेल्याने टाळी वाजवली?”

“याला उपरोध म्हणतात, आई.”

“शेगडीत घाल तो पुठ्ठा.” मग जराशाने, “तुला माहीत होतं?”

मास्तरीण कप विसळत होती. “मी फक्त प्रश्न शिकवले.”

मोठीबाई तिच्या पाठीकडे बघत राहिली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, ही खरंच माझ्या घरात शोभते. आणि नेमकी आता ती हातची गेली होती. कापायचं टेबल रिकामं ते रिकामंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कोट कागदात गुंडाळला, दोरा खिशात घातला आणि चार गल्ल्या चालत गेली. चारच गल्ल्या होत्या. वीस वर्षं ती तिकडून जाताना धाकटीची गल्ली टाळून पाचवी घ्यायची.

धाकटी एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत लोकांच्या पँटी आखूड करायचं काम करायची. मशीनवर वाकलेली, केस पांढरे, हात तसेच स्थिर. तिने मान वर केली नाही.

“काय दुरुस्ती?”

“बाही दोन बोटं आखूड आहे.”

मशीन थांबलं. धाकटीने कोट पाहिला, मग आणणारीला.

“लांबवायला कापड शिल्लक ठेवलं नव्हतं, जाऊबाई. तुम्हीच म्हणायच्या, शिल्लक ठेवणं म्हणजे मापावर अविश्वास.”

“दोरा भिजला होता.”

“ठाऊक आहे.”

“कधीपासून?”

“तुम्ही मला घालवलंत त्याच संध्याकाळपासून. जायच्या आधी खिळ्यावरचा दोरा आणि कोट लावून बघितले.”

मोठीबाई स्टुलावर बसली. कुणी बस म्हटलं नव्हतं. “मग बोलली का नाहीस, मूर्खे? वीस वर्षं!”

“कधी बोलणार? तुम्ही सांगत होतात ना.”

मोठीबाईने खिशातला दोरा काढून कोटावर ठेवला. शेवटी ती म्हणाली, “माझा हात थरथरतो. कापायला माणूस हवंय.”

“ही माफी आहे का?”

“अनुमान काढ.”

धाकटीने सुईत दोरा ओवला. पहिल्या खेपेला गेला. “फीत वापरेन.”

“टेबल डुगडुगेल.”

“डुगडुगू दे. आणि कोटाची गोष्ट आता मी सांगणार.”

मोठीबाईने ओठ मिटले, उघडले, परत मिटले. “सांग,” ती म्हणाली. तो एक शब्द सगळ्या नदीपेक्षा खोल होता आणि त्यातून ती कशीबशी पार झाली.

आता दुकानात पुन्हा दोघी बसतात. टेबलाच्या पायाखाली मोठीबाईने जुन्या दोऱ्यांची गुंडाळी घातली आहे, आणि लाल कोट समोरच टांगला आहे. नवं गिऱ्हाईक आलं की त्याच्याकडे बघतं, आणि धाकटी फीत गळ्यात टाकून गोष्ट सुरू करते. ती चांगलं सांगते, पण तिच्या गोष्टीत नदीला पाणी घोट्याएवढंच असतं, तापाचं नाव नाही, आणि बँडमास्तर म्हणे रडत रडत म्हणाला होता की सगळ्या दुकानात काय ती तुम्हीच एक गुणाची.

मोठीबाई कोपऱ्यात बसून बटणं लावते. शब्द दिलेला आहे, मधे बोलत नाही. फक्त पाण्याचा भाग आला की सुई थांबवते आणि गिऱ्हाइकाला म्हणते,

“विचारा तिला. म्हणावं, तू होतीस का तिथे?”